अंगठ्याचा स्वभाव

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेस चालवायच्या दोन पद्धती पाहायला मिळतात. एकीत पायाखाली पॅडल असतं. पाय दाबला की वरचा डाय खाली येतो. दुसरीत प्रेसच्या पुढच्या बाजूला एकमेकांपासून लांब अशी दोन पुश बटणं असतात आणि दोन्ही हातांनी ती एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस हलत नाही. पत्रा तोच, डाय तोच, ऑपरेटरही तोच. पण पॅडलवर काम करणाऱ्याचे हात मोकळे राहतात आणि मोकळा हात वाकडा बसलेला पत्रा सरळ करायला नेमका नको त्या क्षणी डायखाली जातो. ‘प्रेसवर बोट गेलं’ या वाक्याचा अर्थ या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दोन बटणांच्या प्रेसवर तोच माणूस, तितकाच दमलेला, तितक्याच घाईत असला तरी डाय खाली येताना त्याचे हात बटणांवर अडकलेले असतात. माणसाला सावध राहायला शिकवण्यापेक्षा बटण योग्य जागी बसवणं जास्त भरवशाचं असतं, हे इथल्या कारखानदारीनं बोटं गमावून शिकलेलं शहाणपण आहे.

याच कारखान्यांच्या आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या मधे वसलेल्या पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत संध्याकाळी फोन आडवा धरून बसलेली मुलं दिसतात. चौघांचा स्क्वॉड असतो. त्यातला एक शत्रू दिसताच धावत जाऊन भिडतो, दुसरा गवतात आडवा पडून वाट पाहतो. पहिल्याला मुलं ‘रशर’ म्हणतात, दुसऱ्याला जरा हिणवून ‘कॅम्पर’. घरचे त्यात मुलाचा स्वभाव वाचतात: हा आक्रमक, तो भित्रा, याला घाई फार, त्याच्यात संयम आहे. खेळातून स्वभाव दिसतो हे आपल्याकडं फार जुनं मत आहे आणि ते सरसकट खोटंही नाही. पण व्हिडिओ गेममध्ये मन आणि मैदान यांच्यामधे एक यंत्र असतं. ते यंत्र काही हालचाली सोप्या करून देतं, काही अवघड आणि काही अशक्य. खेळाडूचा स्वभाव म्हणून आपण जे पाहतो त्यातला मोठा वाटा त्या यंत्राचा असतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी हातातल्या फोनकडंच पाहू. पबजी हा खेळ २०१७ साली आला तो कॉम्प्युटरसाठी. उजव्या हातात माउस, डावा हात कीबोर्डवर, म्हणजे नेम धरायला एक अख्खा हात आणि चालणं, बसणं, उडी मारणं, बंदूक बदलणं यासाठी दुसऱ्या हाताची पाच बोटं. मार्च २०१८ मध्ये तोच खेळ मोबाइलवर आला. २०२० च्या सप्टेंबरात भारतात त्यावर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावानं परतला. मोबाइलवर दहा बोटांचं काम दोन अंगठ्यांवर आलं. डावा अंगठा चालवतो. उजव्यानं आजूबाजूला पाहायचं, नेम धरायचा, गोळी झाडायची, स्कोप उघडायचा, उडी मारायची, खाली बसायचं आणि झोपायचंही. फायरचं बटण दाबून तोच अंगठा सरकवला तर नेम हलतो, एवढी सोय खेळ बनवणाऱ्यांनी ठेवली आहे. पण उडी मारायची तर अंगठा तिथून उचलावाच लागतो, आणि उचलला की नेम आणि गोळीबार दोन्ही थांबतात. मग दोन अंगठ्यांचा खेळाडू काय करेल? उडी, बसणं आणि गोळीबार एकत्र जमत नाही म्हटल्यावर तो आधी जागा धरेल, स्थिर होईल आणि मग गोळी झाडेल. भिंतीआड, दगडामागं, गवतात. म्हणजे तो कॅम्पर होईल. याच मुलानं ‘क्लॉ’ शिकून घेतला, म्हणजे दोन्ही तर्जन्या वाकवून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यांत आणल्या, डाव्या तर्जनीला फायर आणि उजवीला स्कोप किंवा उडी दिली, तर उजवा अंगठा फक्त नेमासाठी मोकळा होतो. आता तो उडी मारता मारता गोळी झाडू शकतो, धावता धावता नेम धरू शकतो. चार आठवड्यांपूर्वीचा ‘संयमी’ मुलगा रशर होतो. त्याच्या मनात काय पालट झाला हे शोधत बसण्याआधी त्याच्या तर्जन्या कुठं आहेत ते पाहावं.

फोन नेमासाठी आणखी एक वाट देतो: जायरोस्कोप. हा सेन्सर फोन किती आणि कुठं फिरला ते मोजतो. जायरो चालू असला की फोन किंचित खाली झुकवून बंदुकीचा वर उसळणारा झटका आवरता येतो आणि अंगठ्यावरचा भार आणखी हलका होतो. पण जायरोला खेळाडूचं मनगट आणि बाहेरचं जग यातला फरक कळत नाही. नाशिक फाट्याकडं वळणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये जायरो लावून नेम धरला तर बसबरोबर नेमही वळतो. म्हणून जायरोवर खेळणारा कोपरं अंगाशी घेऊन एका जागी बसतो. लोळत, चालत, प्रवासात खेळणाऱ्याला तो परवडत नाही. त्यात स्वस्त फोनमधल्या अनेकांत हा सेन्सर नसतोच. दुसऱ्या टोकाला आयपॅड. त्याचा पडदा चौकोनाकडं झुकणारा असल्यामुळं उभ्यात जास्त मैदान दिसतं आणि बटणंही मोठी होतात. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलेला एक साधा नियम आहे: लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका हाताला तिथं अचूक पोहोचायला वेळ जास्त. सहा इंची पडद्यावर कोपऱ्यात कोंबलेल्या बटणांना तो लागू होतोच, वर काचेला ना उंचवटा ना खाच. कीबोर्डवर एफ आणि जे या अक्षरांवर बारीक उंचवटे असतात, बोट न पाहता घर ओळखतं. काचेवर बोट चुकलं हे कळतं ते गोळी सुटली नाही तेव्हाच. शिवाय ज्या बोटानं खेळायचं तेच बोट चित्रही झाकतं.

हे सगळं खेळ बनवणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक आहे, आणि तोच माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. मोबाइलवर आणताना त्यांनी नुसती बटणं काचेवर काढली नाहीत, खेळच बदलला. जमिनीवर पडलेलं सामान आपोआप उचललं जाऊ लागलं. धावणं एकदा लावून ठेवता येऊ लागलं, म्हणजे अंगठा दाबून धरायला नको. नेम शत्रूच्या जवळ आला की त्याला हलकीशी ओढ लागते. पावलांचा आणि गोळीचा आवाज कुठून आला त्याची खूण छोट्या नकाशावर उमटते, कारण फोनच्या स्पीकरवर दिशा कळत नाही. या शेवटच्या सोयीनं तर शिकारीची तऱ्हाच पालटली: कॉम्प्युटरवर कान टवकारून ऐकणारा खेळाडू इथं नकाशाच्या कोपऱ्यावर डोळा ठेवतो. कॉम्प्युटरवर इम्युलेटर लावून मोबाइलचा खेळ खेळणाऱ्यांना तर वेगळ्या रांगेत टाकतात, त्यांच्यासमोर त्यांच्यासारखेच. हातातल्या यंत्रानं फरक पडत नसता तर हा खटाटोप कंपनीनं कशाला केला असता?

यंत्राचा दोष माणसाच्या नावावर मांडायची सवय मात्र खेळापुरती नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर बसत, कारण वैमानिक पंखांचे फ्लॅप वर घेण्याऐवजी चाकंच वर घेत. कागदावर नोंद होई ती ‘वैमानिकाची चूक’ म्हणून. अल्फोन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दोन्ही स्विच शेजारी शेजारी आहेत आणि हाताला सारखेच लागतात. त्यानं चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीचा आकार दिला. वैमानिक न बदलता चूक थांबली.

व्हिडिओ गेमचा इतिहास हा त्यामुळं मला चित्रांच्या किंवा चिपांच्या इतिहासापेक्षा हातांचा इतिहास वाटतो. अटारीचा पाँग १९७२ साली आला तेव्हा खेळाडूच्या हातात फक्त एक फिरणारा खुंटा होता. खुंटा फिरवून वर-खाली जाता येतं, पुढं-मागं नाही. म्हणून पाँगमध्ये कुणी नेटजवळ धावत येत नाही. पुढं अटारीच्या घरगुती यंत्राला दांडा आणि एक बटण आलं. दांडा उजव्या हातात, बटण डाव्या अंगठ्याखाली. १९८२ मध्ये निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांना खिशात मावणाऱ्या, मिटणाऱ्या यंत्रात डाँकी काँग बसवायचा होता. दांडा असला की यंत्र मिटणार नाही, म्हणून त्यांनी अधिकच्या खुणेच्या आकाराचं चपटं बटण केलं आणि ते डावीकडं ठेवलं. पुढच्याच वर्षी निन्टेंडोच्या घरगुती यंत्राला तेच बटण आलं आणि मग जवळपास सगळ्या जगानं तीच रचना उचलली. ज्या डाव्या हातानं आपण जेवतही नाही, त्याच्या अंगठ्याकडं चालण्या-पळण्याचं सगळं काम गेलं आणि उजव्याकडं हल्ला. १९८५ च्या सुपर मारिओत पळायचं बटण आणि उडीचं बटण शेजारी आहेत. अंगठ्याच्या टोकानं एक दाबून धरायचं आणि त्याच अंगठ्याच्या पेरानं दुसरं दाबायचं. मारिओची ती सुप्रसिद्ध लांब उडी एका अंगठ्याच्या लांबीवर बेतलेली आहे.

आपल्याकडं यातलं बरंच काही नकलांच्या वाटेनं आलं. नव्वदच्या दशकात मराठी घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला तो बहुतेक वेळा निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल होता. त्यात घालायची ती ‘कॅसेट’, हातात धरायचा तो ‘रिमोट’. या नकली रिमोटवर मूळच्या दोन बटणांच्या जोडीला आणखी दोन ‘टर्बो’ बटणं असत. ती दाबून धरली की यंत्र स्वतःच भराभर बटण दाबल्याचा भास निर्माण करी. आता कॉन्ट्रा आठवून पाहा. मूळ खेळात साध्या बंदुकीला प्रत्येक गोळीसाठी बटण दाबावं लागतं, आणि म्हणून दाबून धरल्यावर सलग चालणारी मशीनगन हे बक्षीस ठरतं. ती मिळवायला खेळाडू जोखीम घेतो. टर्बो असलेल्या मुलाला ते बक्षीस फुकटच मिळालेलं असतं. त्याच्यासाठी कॉन्ट्रा हा बटण बडवण्याचा खेळ उरला नाही, उड्या आणि जागा यांचा खेळ झाला. अमेरिकेतला मुलगा आणि चिंचवडमधला मुलगा एकाच नावाचा पण दोन वेगळ्या वळणांचा खेळ खेळत होते, आणि फरक होता तो रिमोटवरच्या दोन जादा बटणांचा. पार्लरमधली गोष्टही अशीच. ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स. एक दांडा, मारायचं बटण, उडीचं बटण. दोन्ही एकत्र दाबली तर जोरदार वार, पण त्यात आपलीही थोडी शक्ती जाते. दोन बटणांत एवढा व्यवहार बसवला होता म्हणून पहिल्यांदा नाणं टाकणारा पोरगाही पाच मिनिटांत रंगून जाई. याच कंपनीनं १९८७ मध्ये पहिल्या स्ट्रीट फायटरला रबरी गाद्या लावल्या होत्या, जितक्या जोरानं मारू तितका जोराचा ठोसा. लोक त्या गाद्या कुटायला लागले, हात दुखू लागले, गाद्या टिकेनात. त्यांची जागा सहा बटणांनी घेतली, आणि ताकदीचा खेळ बोटांच्या पाठांतराचा खेळ झाला.

पण माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण क्रिकेटचं आहे. ईए स्पोर्ट्‌सचा क्रिकेट ०७ हा खेळ २००६ च्या अखेरीस आला. त्याचा गाजावाजा झाला तो ‘सेंच्युरी स्टिक’साठी: गेमपॅडच्या एका स्टिकनं पाय पुढं-मागं न्यायचे आणि दुसऱ्या स्टिकनं बॅट कुठं फिरवायची ते ठरवायचं. फलंदाजीत पाय आणि बॅट ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या रचनेनं हाताला शिकवलं असतं. पण भारतात हा खेळ प्रामुख्यानं खेळला गेला तो घरच्या कॉम्प्युटरवर, कॉलेजच्या हॉस्टेलवर आणि सायबर कॅफेत, कीबोर्डवर. स्टिक कितीही अंशात वळते, हळू वळते, अर्धी वळते. कीबोर्डची बाणाची कळ एक तर दाबलेली असते नाहीतर नसते, आणि चार बाणांतून आठच दिशा निघतात. मग ज्या खेळात कव्हर आणि एक्स्ट्रा कव्हर यांच्यामधून चेंडू काढण्याचं कसब असायला हवं होतं, त्यात कुठला बाण आणि कुठली कळ यांच्या मोजक्या जोड्या पाठ झाल्या. जोडी एकदा सापडली की षटकामागून षटक तीच. ‘हल्लीच्या पोरांना टुकुटुकु खेळायला नको, नुसते षटकार हवेत’ ही तक्रार त्याच काळात ट्वेंटी-ट्वेंटीच्या नावानंही सुरू झाली होती, आणि संगणकावरच्या षटकारांचा दोषही ट्वेंटी-ट्वेंटीच्याच खाती गेला. पण कीबोर्डवर नजाकतीनं खेळायची सोयच नव्हती. ज्या खेळाची मुख्य कल्पनाच इथल्या बहुसंख्य खेळाडूंच्या हातापर्यंत पोहोचली नाही, तोच खेळ, ईएनं ही मालिका तिथंच थांबवल्यावरही, लोक नवे संघ आणि नवे गणवेश घालून वर्षानुवर्षं खेळत राहिले. प्रेम खरं होतं. पण ते वेगळ्याच खेळावर होतं.

यावर पहिला आक्षेप येणार तो कसबी माणसाच्या बाजूनं. चांगला खेळाडू कशावरही चांगलाच खेळतो. बॅट कुठलीही असो, सचिन तो सचिनच. यंत्र म्हणजे निमित्त. या आक्षेपाचं उत्तम उदाहरण म्हणून निन्टेंडोच्या १९८९ च्या टेट्रिसकडं बोट दाखवता येईल. त्यात २९ व्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगानं पडतात की वरून तळाला यायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. बाणाचं बटण दाबून धरलं तर ठोकळा सेकंदाला दहा घरं सरकतो, तेही सुरुवातीला थोडं थांबून. म्हणजे तो कडेला पोहोचण्याआधीच खाली आदळतो. वर्षानुवर्षं सगळ्यांनी हाच खेळाचा शेवट मानला. मग काहींनी अंगठा थरथरवून दाबून धरण्यापेक्षा वेगानं बटण दाबायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये तिसाव्या पातळीचा उंबरा ओलांडला गेला. त्यानंतर साधारण दहा वर्षांनी ‘रोलिंग’ आलं: अंगठा बटणावर स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी रिमोटच्या पाठीवर तबल्यासारखी थाप द्यायची, म्हणजे बटणच अंगठ्यावर येऊन आदळतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलानं या रीतीनं १५७ वी पातळी गाठली, आणि शेवटी खेळच गोठला. यंत्र तेच, ३४ वर्षांपूर्वीचं. माणूस जिंकला!

जिंकला हे खरंच. पण काय करून जिंकला ते पाहिलं की हा दाखला माझ्याच बाजूला येतो. इतकी वर्षं जी भिंत उभी होती ती टेट्रिसच्या नियमांची नव्हती, बटणाच्या वेगाची होती. हजारो हुशार लोकांचं डोकं तिथपर्यंत पोहोचत होतं, हात पोहोचत नव्हता. ज्या दिवशी रिमोट धरायची रीत बदलली त्या दिवशी खेळ बदलला, डावपेच बदलले, अशक्य ते शक्य झालं. कसबी माणूस यंत्राच्या बाहेर जात नाही. तो यंत्रात दडलेली, बनवणाऱ्यालाही न दिसलेली वाट शोधतो. आणि सामान्य खेळाडू, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळे, समोर मांडून ठेवलेल्या वाटेनं जातात.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. माणूस यंत्राचं ऐकतो कुठं? २००६ मध्ये निन्टेंडोनं वी आणला, हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवून टेनिस खेळायचं. लोक दिवाणखान्यात घाम गाळू लागले. थोड्या दिवसांत सवयीच्या खेळाडूंना कळलं की सोफ्यावर बसून मनगटाला झटका दिला तरी चेंडू तसाच जातो. प्रेस शॉपमध्येही हेच होतं: उत्पादनाचा आकडा गाठायचा म्हणून दोनपैकी एक बटण काहीतरी खुपसून कायमचं दाबलेलं ठेवायचं आणि एका हातानं काम उरकायचं. म्हणून तर अशी प्रेस आता दोन्ही बटणं प्रत्येक फेरीला सोडून पुन्हा एकदम दाबली तरच चालेल, अशी बनवावी लागते. म्हणजे यंत्र हुकूम सोडत नाही, हे मान्य करायला हवं. ते उतार देतं, आणि पाणी उताराकडं जातं. वी बनवणाऱ्यांनी अख्खा हात फिरवायचं आमंत्रण दिलं होतं, पण त्यांच्या सेन्सरनं मनगटाच्या झटक्यालाही तेच गुण दिले. खेळाडूनं जाहिरातीपेक्षा सेन्सरचं ऐकलं. आणि उतार बदलला की खेळही बदलतो. कॉम्प्युटरवरच्या काउंटर-स्ट्राइकमध्ये डावीकडं पळताना चटकन थांबून उजवीकडं वळणं हे बोटांचं मोठं कसब मानलं जातं, कारण एक कळ वेळेवर सोडून दुसरी दाबावी लागते. २०२४ मध्ये काही कीबोर्ड ती पहिली कळ स्वतःच सोडून द्यायला लागले. त्या ऑगस्टमध्ये वॉल्व्ह कंपनीनं आपल्या सर्व्हरवर ही सोय चालणार नाही असं जाहीर केलं. खेळाच्या नियमांत अक्षरही न बदलता कीबोर्डनं खेळ बदलला होता, म्हणून अखेर नियम करावा लागला.

उरला पैशाचा मुद्दा: हा सगळा खिशाचा फरक आहे, यंत्राच्या रचनेचा कसला? बारा हजारांचा फोन आणि आयपॅड यांच्यात पैशाचीच दरी आहे, यात शंका नाही. पण पैसा मैदानात स्वतः उतरत नाही. तो जायरो म्हणून, पडद्याचा आकार म्हणून, एकाच वेळी किती बोटं ओळखली जातात या रूपात उतरतो. महागडा फोन घेऊन दोन अंगठ्यांनी खेळणारा मुलगा साध्या फोनवर क्लॉ लावणाऱ्याकडून हरतो, हेही रोजचंच आहे.

पुण्यात आज खेळ नुसते खेळले जात नाहीत, बनतात. इथल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेंडो स्विचवर आला, मग इतर यंत्रांवर. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी नावाची मुलगी, हातात त्रिशूळ, कथा सांगायला दुर्गा आणि विष्णू. त्यातला कॅमेरा खेळाडूला फिरवावा लागत नाही. दृश्य कुठून दिसावं हे बनवणाऱ्यांनीच ठरवून ठेवलं आहे. कुणाला हे स्वातंत्र्य काढून घेणं वाटेल. पण गेमपॅडवर उजव्या अंगठ्याला एक तर कॅमेऱ्याच्या स्टिकवर राहता येतं नाहीतर हल्ल्याच्या बटणांवर. कॅमेरा काढून घेतला की तो अंगठा पूर्णवेळ लढायला मोकळा होतो. खांबावरून झोका, भिंतीवरून उडी, वळून वार हे सगळं सलग, नाचासारखं करता येतं. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा इंडस ऑक्टोबर २०२४ मध्ये आला तो थेट मोबाइलवर, म्हणजे अंगठ्यांच्या राज्यात. तिथं शेवटचा जिवंत राहण्याखेरीज आणखी एका वाटेनं जिंकता येतं: शेवटाकडं प्रकट होणारं कॉस्मियम ताब्यात घेऊन. काचेचा पडदा खेळाडूला दडी मारून बसायला सांगत असेल तर त्याला उठवायला नियमानं असं काहीतरी आमिष मांडावं लागतं. राजीनं अंगठ्याचं ओझं कमी केलं, इंडसनं दडलेल्या अंगठ्याला बाहेर बोलावलं.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ई-स्पोर्ट्‌सना देशात खेळ म्हणून जागा दिली आहे. कॉलेजांचे महोत्सव आणि गल्लोगल्लीची मंडळं बीजीएमआयच्या स्पर्धा भरवतात, तेव्हा एकाच लॉबीत दोन अंगठेवाला, जायरोवाला, फोनला ट्रिगर, म्हणजे जादा बटणं, चिकटवलेला आणि आयपॅडवाला असे सगळे असू शकतात. कुस्तीच्या आखाड्यात आपण पैलवानाला आधी वजनकाट्यावर उभं करतो. स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढीच विनंती: पत्रकावर बक्षिसाच्या रकमेखाली आणखी एक ओळ छापा. फोनच की टॅबलेटही, जायरो चालेल की नाही, ट्रिगर लावता येईल की नाही. आणि ती ओळ नावनोंदणीच्या आधी वाचायला मिळू द्या.